आठवण पुसणारं पाणी

सभागृहातले दिवे मालवले आणि तीनशे माणसं एकदम गप्प झाली. मंचावर एका उंच खुर्चीत एक गवंडी बसला होता. त्याची बाही कोपरापर्यंत वर सरकवलेली होती आणि हातावर एक जुना, मधूनमधून फाटणारा व्रण होता. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने ओल्या कापसाने तो व्रण पुसून घेतला. "दिव्याला नीट वाचता यावं म्हणून," ती म्हणाली. मग मंचावरचे दिवेही गेले आणि निर्मळसरांनी आपला जांभळट दिवा त्या हातावर धरला.

व्रण निळा उजळला. अंधारात ना गवंडी दिसत होता ना खुर्ची, दिसत होती फक्त वीतभर लांबीची ती निळी रेघ. माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईने शेजारणीचा हात घट्ट धरला.

"हे काय आहे?" सर म्हणाले. आवाज मऊ, घाई कसलीच नाही. "ही आठवण आहे. अकरा वर्षांपूर्वी याला पत्रा लागला. हा विसरला, याची कातडी विसरली नाही. पेशीपेशीत, जनुकाजनुकावर ती जखम अजून लिहून ठेवलेली आहे. आणि हे मी सांगत नाही. मी कोण सांगणार? मी बाबा नाही, बुवा नाही. मी विज्ञानाचा हमाल. विज्ञान काय म्हणतं तेच ऐका."

स्पीकरमधून एका बाईचा आवाज आला. "त्वचेला जखम आठवते. जखम भरली तरी पेशी ती विसरत नाहीत. त्यांच्या जनुकांवर खुणा राहतात." थोडा विराम, आणि मग तोच आवाज, जरा हसरा: "ही आठवण पुसता येईल."

तो आवाज माझा होता.

सरांनी एका बाटलीतून फवारा मारला, वरून तळहात फिरवला, आणि निळी रेघ बघता बघता विझली. दिवे लागले. गवंडी डोळे मिचकावत म्हणाला, "झोंबलं हो."

"झोंबणारच. अकरा वर्षांचं बिऱ्हाड उठतंय तिथून. भाडेकरू जाताना दार आपटूनच जातो ना?"

लोक हसले, टाळ्या वाजल्या. मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. शेजारी भावोजी होते आणि तिसऱ्या रांगेत, हातात नंबराची चिठ्ठी घेऊन, माझी ताई बसली होती. तिच्या उजव्या पायाला जाड पट्टी होती आणि त्यावर भावोजींची सैल चप्पल.

आता मी कोण ते सांगते. मी एका संस्थेच्या प्रयोगशाळेत त्वचेच्या पेशींवर काम करते. जखम झाली की आजूबाजूच्या पेशींना आपलं नेहमीचं काम टाकून धावावं लागतं. काही सरकत येऊन खड्डा झाकतात, काही भराभर वाढतात. हे करताना पेशीतली जनुकं बदलत नाहीत. पण कोणती चालू ठेवायची आणि कोणती बंद, याच्या खुणा बदलतात. ताई शिवणकाम करते. तिला मी एकदा हे तिच्याच दुकानातून समजावलं होतं. तिच्याकडे कपडे बेतायचे कागद आहेत, शंभर मापांचे. रोज लागणारे खिळ्याला टांगलेले, बाकीचे घडी करून पेटीत. जखम झाली की पेशी पेटीतले कागद बाहेर काढते. जखम भरल्यावर बरेचसे परत पेटीत जातात, पण एखाददोन खिळ्यालाच लटकत राहतात. उंदरांत असं दिसलंय की एकदा सुजून गेलेल्या कातडीत पुन्हा जखम झाली तर ती लवकर भरते. कागद हाताशीच असतात म्हणून.

"म्हणजे कातडी माझ्यापेक्षा हुशार," ताई म्हणाली होती. "मला तर गेल्या वर्षीचं माप सापडत नाही."

आमच्या संस्थेत वर्षातून एक दिवस कोणीही येऊन प्रयोगशाळा पाहू शकतं. त्या दिवशी मी भाषण केलं. शेवटी एका मुलीने विचारलं, "ही आठवण पुसता येईल का?" खरं उत्तर असं होतं: माणसात ही आठवण नेमकी किती टिकते तेच आम्हाला नीट ठाऊक नाही, तेव्हा पुसण्याची गोष्ट दूरच. ते मी सांगितलंही. पण एवढं सांगून खाली बसायला जीव होईना. सभागृह भरलेलं होतं. म्हणून मी हसून जोडलं, "पण कुणास ठाऊक, एक दिवस ही आठवण पुसता येईल." टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांसाठीच मी ते वाक्य बोलले होते.

निर्मळसरांनी ते खरं उत्तर आणि 'पण कुणास ठाऊक, एक दिवस' एवढं कापलं. बाकी शब्द माझेच होते.

सरांच्या कार्यक्रमाची, माझा आवाज लावलेली फीत मला ताईच्या आधी मिळाली होती. एका सहकाऱ्याने पाठवली, सोबत हसण्याची चित्रं. मीही हसले. कोण विश्वास ठेवणार असल्या गोष्टीवर, असं म्हणाले. खोटं कशाला बोलू, आवाज बरा आलाय असंही मनात आलं. संस्थेच्या वतीने दोन ओळींचा खुलासा काढायला अर्धा तास लागला असता. तो अर्धा तास मला तीन आठवडे मिळाला नाही.

मग ताईचा फोन आला. मी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजत होते. मोजणी मध्येच सुटली तर पहिल्यापासून करावी लागते. फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरला होता.

"अगं, ते दिव्यावाले सर आहेत ना, ते तुझा आवाज लावतात म्हणे. तो तुझाच का?"

"हो, माझाच आहे. ताई, मी कामात आहे गं. नंतर बोलते."

"बरं बरं. कर काम."

नंतर मी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी परिषदेसाठी बाहेर गेले, तिथून एका प्रशिक्षणाला. आणि त्याच दुसऱ्या दिवशी ताईने घरी येऊन पट्टी करणाऱ्या सिस्टरना सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

ताईला आठ वर्षं साखरेचा आजार आहे. दुकानात जमिनीवर टाचण्या पडलेल्या असतात. त्यातली एक तिच्या अंगठ्याशेजारी घुसली आणि तिला कळलीच नाही. दोन दिवसांनी मोज्यावर रक्त दिसलं तेव्हा कळलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रोजची पट्टी लावून दिली, चालायचं नाही म्हणून सांगितलं. जखम भरत होती, पण गोगलगायीच्या चालीने. शाळा उघडायच्या होत्या, गणवेशांचे गठ्ठे पडले होते, आणि ताईचं मशीन पायाने चालवायचं. तिला घाई होती. घाईत असलेल्या माणसाला कोणीतरी सांगितलं की दर रविवारी एक सर चार फवाऱ्यांत जखमेची मुळी काढून टाकतात. तरी ती एकदम गेली नाही. आधी तिने मला विचारलं.

सहा आठवड्यांनी मी परत आले तेव्हा भावोजींचा फोन आला. भावोजींचं घराखालीच लाँड्रीचं दुकान आहे. ते मला शास्त्रीणबाई म्हणतात आणि फोनवर नेहमी एखादा विनोद करतात. त्या दिवशी केला नाही.

"शास्त्रीणबाई, एकदा येऊन जा. तुझ्या ताईच्या पायाला वास येतोय. आणि ती म्हणते, तो जुनी जखम निघून चालल्याचा वास आहे."

मी पोचले तर ती सभागृहात गेलेली. म्हणून आम्ही दोघं तिथे, मागच्या भिंतीपाशी.

ताईचा नंबर आला. ती लंगडत मंचावर गेली. हातमोजेवाल्या बाईने पट्टी सोडून जखमेच्या कडा पुसल्या. दिवे गेले, पाय निळा उजळला. फवारा, तळहात, निळं विझलं.

"झोंबलं?" सरांनी विचारलं.

"नाही. काहीच नाही."

"ऐकलंत? काहीच नाही. यांच्या पेशींनी भांडण सोडलंय. या ताई लवकर मोकळ्या होणार."

दिवे लागले, टाळ्या सुरू झाल्या. ताईला का झोंबलं नाही ते त्या सभागृहात मला पुरतं माहीत होतं. साखरेने तिच्या पायाच्या नसा बधिर केल्या होत्या. त्या पायात खिळा ठोकला असता तरी तिने हसून "काहीच नाही" म्हटलं असतं. जी धोक्याची घंटा होती तीच हा माणूस शुभशकुन म्हणून वाजवत होता. मी फक्त हात वर करायचा होता. मागून मोठ्याने म्हणायचं होतं की मी अमुक, तो आवाज माझा, आणि हे खोटं आहे.

पुढची बाई कशासाठी तरी मागे वळली आणि तिची नजर माझ्यावर ठरली. हिने मला ओळखलं, असं मला वाटलं. मी भावोजींच्या पाठीमागे सरकले.

एवढंच केलं मी त्या दिवशी.

पुढच्या नंबरासाठी पुन्हा अंधार झाला तेव्हा भावोजी माझ्या कानाशी कुजबुजले, "त्या बाईच्या हातमोज्यांची बोटं बघ. तीही चमकतायत. आणि माझा शर्ट बघ. माझ्या शर्टाला कधी जखम झाली?"

खरंच, त्या जांभळट उजेडाच्या तिरिपीत त्यांची पांढरी कॉलर निळसर उजळली होती. लाँड्रीत कपडे पांढरेशुभ्र दिसायला जी पावडर घालतात ती अशा दिव्याखाली चमकते. भावोजींना ते वर्षानुवर्षं माहीत होतं. पेशींतल्या खुणा वाचायला आम्हाला यंत्रं, रसायनं आणि कित्येक आठवडे लागतात. त्या दिव्याखाली दिसणं शक्यच नाही. म्हणजे जे चमकत होतं ते पेशीत नव्हतं. कापसातून येत होतं.

घरी जाऊन मी पट्टी सोडली. त्याचं वर्णन करत नाही. अंगठा काळा पडला होता. ताई माझ्या चेहऱ्याकडे बघत होती.

"भरतेय ना?" तिने विचारलं.

"ताई, चल. आत्ता रुग्णालयात जायचं."

शल्यचिकित्सक बाई मोजकं बोलणाऱ्या होत्या. त्यांनी पाय पाहिला, बोटाने दाबला, एक्स-रे काढून घेतले. मग खुर्ची ताईजवळ ओढून बसल्या.

"अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागेल. त्यामागचा थोडा भागही. उद्या सकाळी. थांबलो तर घोट्यापर्यंत जाईल."

"आधी आले असते तर?" ताईने विचारलं.

"नुसतं साफ करून भागलं असतं, बहुतेक." त्यांनी कागदावर काही लिहिलं. "पट्ट्या बंद करायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी तोंड उघडलं. माझ्या आधी ताई म्हणाली, "कोणी नाही. मीच केल्या."

आणि मी गप्प बसले. डॉक्टरांच्या लेखी मी काळजी घेणारी, शिवाय शिकलेली बहीण होते. जाताना त्या मला म्हणाल्या, "तुम्ही या क्षेत्रातल्या आहात ना? मग जरा लक्ष ठेवा त्यांच्यावर." मी मान डोलावली.

शस्त्रक्रिया झाली. दोन दिवसांनी ताई उशीला टेकून बसली होती, तेव्हा मी म्हणाले, "ताई, तू फोन केला होतास. मी हो म्हणाले होते."

"ठाऊक आहे."

"तू नीट विचारलंस आणि मी ऐकलंच नाही."

"तू कामात होतीस."

"चिडलीस तरी चालेल मला."

"चिडलेय," ती शांतपणे म्हणाली. "पण आत्ता पाय ठणकतोय. एका वेळी एकच होतं माझ्याच्याने. घरी गेल्यावर चिडते."

मी तिच्या पांघरुणाची सुरकुती उगाच सरळ करत राहिले.

ताईची शेवटची पट्टी मी पिशवीत घालून ठेवली होती. ती प्रयोगशाळेत नेली. दिव्याखाली धरली तर एक भाग निळा चमकला, दुसरा नाही. चमकणारा भाग पाण्यात बुडवला तर पाणीच चमकायला लागलं. तपासल्यावर कळलं, क्विनाइन. हिवतापावर द्यायची ती कडू गोळी, कुटून आंबट पाण्यात विरघळवलेली. हा द्रव साध्या डोळ्यांना पाण्यासारखा दिसतो आणि जांभळट दिव्याखाली निळा उजळतो. मग जो भाग चमकत नव्हता तो पाहिला, म्हणजे फवाऱ्याचा. त्या पाण्यात चांदीच्या क्षाराचे दोन थेंब टाकताच दही फाटावं तसा पांढरा गाळ खाली बसला. शाळेतलीच परीक्षा. मी ती तीन वेळा केली, कारण उत्तर इतकं साधं असेल यावर विश्वास बसेना.

मीठ होतं ते. घट्ट मिठाचं पाणी. क्विनाइनवर मिठाचं पाणी पडलं की त्याची चमक विझते. ना तळहात लागतो ना साधना. आणि उघड्या जखमेवर ते झोंबतं, कारण जखमेवर मीठ चोळल्यावर काय होतं ते आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो आहोत. तो माणूस दर रविवारी तीनशे लोकांच्या देखत अक्षरशः तेच करत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते.

मी निर्मळसरांना निरोप पाठवला. तुमच्या फितीतला आवाज माझा आहे, येत्या रविवारी मंचावर यायला आवडेल. अर्ध्या तासात त्यांचं उत्तर आलं. त्यात 'धन्य' हा शब्द चार वेळा होता.

रविवारी सभागृह नेहमीपेक्षा भरलं होतं. सरांनी मला स्वतः हात देऊन मंचावर चढवलं. "आजवर तुम्ही फक्त आवाज ऐकलात," ते म्हणाले. "आज साक्षात विज्ञान आलंय." ते मला खुर्चीकडे नेत होते तेव्हा त्यांच्या अंगाला महागड्या साबणाचा वास येत होता.

"बाईंची एखादी जुनी जखम?" त्यांनी विचारलं.

"डाव्या मनगटाला. लहानपणी भाजलं होतं."

बाईने कापूस फिरवला. दिवे गेले. मनगट निळं उजळलं आणि सभागृहातून एक लांब श्वास ऐकू आला.

"पाहा," सर म्हणाले, "चाळीस वर्षं झाली. बाई विसरल्या असतील, पण कातडी..."

"मला इथे कधी काही झालेलंच नाही," मी म्हणाले. माइक माझ्या हातात होता. "मी खोटं बोलले. माझं मनगट जन्मल्यापासून जसंच्या तसं आहे."

मी त्या बाईच्या तबकातला कापूस उचलला आणि खुर्चीच्या हातावर ओढला. खुर्चीचा हात निळा चमकला. मग मंचाच्या लाकडावर ओढला. लाकडावर निळा पट्टा उमटला.

"या खुर्चीला कुठे लागलं होतं, कोणी सांगेल?"

मागे कोणीतरी हसलं, एकटंच. सरांनी दिवा बंद केला. मी पिशवीतून प्रयोगशाळेतला माझा दिवा काढून लावला. भावोजी पुढे आले आणि त्यांनी माझ्या हातात कपड्यांवर पाणी मारायची त्यांची इस्त्रीची बाटली दिली.

"यात सकाळी ताईच्या स्वयंपाकघरातलं मीठ घातलंय. मंत्र घातलेला नाही. मला येत नाही." मी फवारा मारला. मनगट विझलं, खुर्ची विझली, मंचावरचा पट्टा विझला. "ज्या आठवणीबद्दल हे बोलतात ती पेशीच्या आत असते. तिचा प्रकाश पडत नाही. तुम्हाला जे दिसलं ते आधी कापसाने लावलं आणि मग मिठाने विझवलं."

दिवे लागले. सर घाबरले असतील असं तुम्हाला वाटेल. ते घाबरले नाहीत. मान जराशी कलती करून म्हणाले, "बाईंनी माझं तंत्र दाखवलं, माझं तत्त्व नाही. दिवा नुसतं प्रतीक आहे. अनुभव तर तुमचा आहे ना?" आणि अनेकांनी माना डोलावल्या.

तेव्हा तो गवंडी उठला. गेल्या रविवारचा. हाताला त्याने रुमाल गुंडाळला होता.

"बाई, हे तुम्हाला कधी कळलं?"

"खोटं आहे हे गेल्या रविवारी कळलं. कसं आहे ते बुधवारी."

"गेल्या रविवारी तुम्ही इथे होतात?"

"होते. मागे उभी होते."

"मग बोलला का नाहीत?"

या प्रश्नाचं उत्तर मी पाठ करून आले नव्हते. "लाज वाटली म्हणून," मी म्हणाले. "तो आवाज माझा आहे. शेवटचं वाक्य अर्धं कापलेलं आहे, पण ते मी टाळ्यांसाठी बोलले होते. पुढे ही फीत हाती आली तेव्हा मी हसून सोडून दिली. माझ्या बहिणीने मला विचारलं तर मी न ऐकताच हो म्हणाले. या आठवड्यात तिच्या पायाची दोन बोटं कापली. इथे तुम्ही टाळ्या वाजवल्यात त्याच पायाची." मी दाराकडे हात केला. "तुमच्यापैकी ज्यांची जखम उघडी आहे त्यांनी आज, इथून थेट, डॉक्टरांकडे जा. माझ्यावर मागाहून चिडा."

गवंडी रांगेतून वाट काढत निघाला. मग रुमाल नीट बांधत बाहेर गेला. त्याच्यामागून काही जण गेले, मग बरेच. एक म्हातारी जाता जाता एवढंच म्हणाली, "शिकलेल्यांनी असं करू नये हो." सरांकडे हात करून म्हणाली की माझ्याकडे, ते मला कळलं नाही. जाणून घ्यायची हिंमतही झाली नाही. साठेक माणसं मात्र चिठ्ठ्या घेऊन जागीच बसली होती, आणि सरांनी पुढचा नंबर पुकारला.

शल्यचिकित्सक बाईंना मी सगळं सांगितलं, रुग्णालयात जे लपवलं तेसुद्धा. त्यांनी आणि मी मिळून तक्रार केली. सभागृहवाल्यांनी जागा देणं बंद केलं. प्रकरण चालू आहे. निर्मळसर दुसऱ्या शहरात गेल्याचं कळतं. तिथे म्हणे दिवा लाल आहे. संस्थेने खुलासा काढला. तो लिहायला अर्धा तासही लागला नाही.

ताई घरी येऊन चिडली, ठरल्याप्रमाणे. तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी तिच्या मशीनला मोटर बसवून घेतली तेव्हा मी तिथे होते. तिने एक शिवण घालून पाहिली, मोटरचा वेग तिला आवडला नाही, आणि मान वर न करता तिने विचारलं, "ती आठवण खरंच असते की तेही खोटं?"

"असते. उंदरांच्या कातडीत स्पष्ट दिसते. तिथे ती बहुतेक उपयोगी पडते, पुढची जखम लवकर भरते. म्हणजे पुसण्यासारखी गोष्टच नाही. साखरेच्या आजारात मात्र काही खुणा अशा राहत असाव्यात की त्याने जखम रेंगाळते. असाव्यात म्हणते, कारण त्यावर अजून काम चाललंय. माणसात किती आणि कुठवर, ते ठाऊक नाही मला."

"ठाऊक नाही, हे तेव्हाच सांगायचं होतंस मला."

"हो."

तिने दोरा दातांनी तोडला. "तो कागद दे इकडे. बारा वर्षांच्या मुलीचं माप."

मी दिला.

हे सगळं मी लिहितेय ते माझं ओझं तुमच्या खांद्यावर देण्यासाठी नाही. साध्या चारदोन गोष्टी सांगायच्या आहेत. साखरेचा आजार असेल तर तळपाय रोज पाहा, स्वतःला दिसत नसेल तर घरातल्या कोणाला पाहायला सांगा. जखम दुखत नाही याचा अर्थ ती बरी आहे असा होत नाही. चालू उपचार कोणाच्याही सांगण्यावरून सोडू नका, ज्यांनी सुरू केले त्यांना विचारल्याशिवाय तर नाहीच. चमत्कार दाखवला तर म्हणा, हाच चमत्कार निरोगी हातावर करा, खुर्चीवर करा. खरी गोष्ट असल्या परीक्षेने मोडत नाही. फसलात तर लपवू नका. फसलेला माणूस मूर्ख नसतो, बहुतेक वेळा तो दुखण्याने आणि घाईने टेकीला आलेला असतो.

आणि कोट घातलेलं, पदवीवालं, माझ्यासारखं कोणी मंचावरून मोठ्या तोंडाने बोललं तरी लगेच टाळ्या वाजवू नका. विचारा: हे तुम्हाला कशावरून कळलं? आणि तुम्हाला अजून काय कळलेलं नाही? या दुसऱ्या प्रश्नाचा ज्याला राग येईल, त्याच्या हातात आपला पाय देऊ नका.